पाळण्यावरचा श्वास

"दुसरा कधी?" असं आम्हाला दोन वर्षं सगळे विचारत होते. सासूबाई विचारायच्या तो प्रश्न वेगळा आणि बाकीचे विचारायचे तो वेगळा. सासूबाईंना मी अजून उत्तर दिलेलं नाही. बाकीच्यांना या शुक्रवारी मिळालं. दुसरा आला. पोस्टरभर दात काढून आला.

सिनेमाबद्दल बोलतेय. माझा नवरा सिनेमांचे आवाज तयार करतो. गाणीबिणी नाही. पडद्यावर कुणी जिना उतरलं की त्याची पावलं, दार ढकललं की त्याची करकर, मान मोडली की तो कट्ट, हे सगळं तो नंतर घरातल्या नाहीतर भंगारातल्या वस्तूंमधून काढतो. त्यामुळे आमच्या घरात कुठलीच वस्तू नुसती वस्तू नसते. एकदा मी कपाटाच्या बिजागरीत तेल घातलं तर हा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. त्या दारानं तीन सिनेमांत काम केलं होतं म्हणे.

आवाज जमला की नाही हे तो माझ्या हातांवरून ठरवतो. मी भांडी घासत असते, कपड्यांच्या घड्या घालत असते. हा मागून येतो, माझ्या कानांवर हेडफोन चढवतो आणि समोर उभा राहून माझ्या हातांकडे बघतो. तोंडाकडे नाही. "तू शिकलेली बाई आहेस, तोंडानं तू काहीही बोलशील," असं त्याचं म्हणणं. हात चालू राहिले तर आवाज नापास. हात थांबला की पास.

पहिल्या सिनेमाच्या वेळी माझा हात थांबला होता. मुंगी तेव्हा तीन महिन्यांची होती. मुंगी म्हणजे आमची मुलगी. महिनाभर आधी जन्मली, हातात घेतली तर घेतल्यासारखी वाटायची नाही, म्हणून मुंगी. मी दुपारी सिंकपाशी दुधाच्या बाटल्या घासत होते, ब्रश बाटलीत होता, आणि कानांत लहान बाळाचा झोपेतला श्वास आला. मुंगीचाच. तो मला हजारांत ओळखू आला असता. मी घासत राहिले. मग त्या श्वासाच्या जरा वरून दुसरा श्वास आला. मोठ्या माणसाचा. एकदा आला, थांबला, बराच वेळ आलाच नाही, आणि मग हळूच सुटला. माझा हात बाटलीतच राहिला आणि मी ओल्या हातांनी आतल्या खोलीत पळाले. मुंगी मजेत झोपली होती. हा मागून आला तो नाचतच. "पास! पास!"

"काय होतं रे ते? कुणाचा श्वास?"

"धंद्यातलं गुपित."

त्या दिवशी भाऊजी आमच्याच स्वयंपाकघरात फरशीवर बसून बिस्किटं खात होते. भाऊजी म्हणजे दिग्दर्शक, नवऱ्याचे कॉलेजातले मित्र. तेव्हा त्यांच्याकडे एकच स्वेटर होता आणि त्याच्या कोपरावर भोक होतं. त्यांनी माझा थांबलेला हात बघितला आणि जसाच्या तसा सिनेमात घेतला. आई सिंकपाशी बाटली घासतेय, शेजारी बाळाचा आवाज ऐकवणारा तो छोटा रेडिओ ठेवलाय, त्यातून बाळाचा श्वास येतोय, आणि मग दुसरा. बस. पडद्यावर भूत नाही, काही नाही. एक बाई, एक बाटली, दोन श्वास. त्या मिनिटाला लोक खुर्च्यांचे हात धरून बसायचे. बाळाचा रेडिओ वापरणं सोडलं असं सांगणाऱ्या दोन बायका मला स्वतःला भेटल्यात.

आणि आता दुसरा भाग. भाऊजींना मोठा निर्माता मिळाला, मोठा स्टुडिओ मिळाला. घरातसुद्धा काळा चष्मा घालायची सवय त्याआधीच लागली होती. आठ महिने नवरा त्या स्टुडिओत होता. तिथला नियम असा की एकही आवाज इमारतीबाहेर न्यायचा नाही. त्यामुळे आठ महिने माझ्या कानांवर हेडफोन चढला नाही. मी भांडी घासली, घड्या घातल्या, माझे हात कुणी बघितले नाहीत.

शनिवारी सकाळी फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली तिसऱ्या भागाचा करार लावलेला होता. तीन वर्षं दुसऱ्या कुणाचं काम करायचं नाही. सगळं काम त्यांच्याच इमारतीत. त्या बदल्यात त्याला स्वतःची ध्वनिबंद खोली, दारावर त्याच्या नावाची पाटी. आजवर तो आमच्या अडगळीच्या खोलीत अंगावर दोन गोधड्या घेऊन काम करत आलाय. शेजाऱ्यांच्या मिक्सरच्या वेळा त्याला पाठ आहेत. अशा माणसाला ध्वनिबंद खोली म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. सही संध्याकाळपर्यंत करायची होती.

"तू दुपारचा शो बघून ये," तो म्हणाला. "लोकांत बसून. मला आता काही कळत नाही गं. आठ महिने तेच तेच ऐकून माझे कान मेलेत."

"तुला काय वाटतं पण?"

"तू सांग. तू म्हणालीस करू, तर करतो सही."

"आणि नाही म्हणाले तर?"

त्यानं फ्रिज उघडला, आत काही नव्हतं ते बघितलं आणि बंद केला. 

घरातून निघायला मला पाऊण तास लागला. सासूबाईंना मुंगीच्या झोपेची वेळ, खोकल्याचं औषध, डॉक्टरांचा नंबर, डॉक्टर नसतील तर दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर, हे सगळं लिहून दिलं. सासूबाईंनी तो कागद न वाचता विणकामाच्या पिशवीत घातला. "यालाही मीच वाढवलंय," नवऱ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "जिवंत आहे की नाही बघ." मग त्यांनी माझ्या हातात निळ्या लोकरीचा एक गुंता दिला. मुंगीनं सकाळी केलेला. "नुसती बसणारेस तर हा सोडव. अंधारात डोळे लागत नाहीत त्याला."

मी कडेची खुर्ची घेतली होती, दाराजवळची. आत गेल्यावर बाहेर पडायची दोन्ही दारं बघून ठेवली. माझ्या मागे एक जाडा माणूस आणि त्याची बायको होती. पुढे कॉलेजची पाच मुलं. पलीकडे एक आजीबाई एकट्याच, डब्यातले दाणे खात. मी फोन मांडीवर ठेवला, त्यावर लोकर ठेवली आणि सोडवायला घेतली.

चौथ्या मिनिटाला भूत आलं. समोरून, दिवसाउजेडी, केस सोडून, दात विचकून. नट्या जशा पुरस्कार घ्यायला येतात तसं आलं आणि कॅमेऱ्याकडे बघून उभं राहिलं. दात इतके स्वच्छ होते की पुढच्या पोरांपैकी एक म्हणाला, "पेस्ट कुठली वापरते विचार."

"झालं का दर्शन?" मागच्या जाड्या माणसानं बायकोला विचारलं. "चल मग, घरी जाऊ."

"गप बसा हो. तिकिटं मी काढलीत."

मग एक प्राध्यापक आले. त्यांनी वीस मिनिटं फळ्यावर आकृत्या काढून भूत का झालं, कुणाचं झालं, त्याला पाणी का चालत नाही, हे समजावून सांगितलं. मला आमच्या शेवटच्या वर्षाच्या तासांची आठवण झाली; फरक एवढाच की तिथे हजेरी तरी मिळायची. पहिल्या सिनेमातली ती आई इथेही होती, पण आता ती तळघरात जाताना उंच टाचांचे बूट घालून जात होती. घराला चाळीस दारं होती आणि चाळीसही करकरत होती. माझ्या कपाटाचं दार त्यात होतं की नव्हतं देव जाणे. प्रत्येक करकरीनंतर धाडकन ढोल. भीती वाटावी म्हणून कानफटात मारल्यासारखं. कानफटात मारली की माणूस दचकतो, घाबरत नाही. एवढा फरक दोन वर्षांच्या पोरालाही कळतो, निर्मात्याला कळला नव्हता.

आजीबाई झोपल्या. जाड्याची बायको फोन आला म्हणून बाहेर गेली, पाच मिनिटांनी आली. "काय झालं मधे?"

"काही नाही. तेच."

मध्यंतर झालं तेव्हा माझ्या मांडीवर निळ्या लोकरीचा गोल गोळा तयार होता. एकही गाठ न राहिलेला. मी तो उलगडला आणि परत गुंडाळायला सुरुवात केली. सासूबाईंना फोन केला. "झोपलीय," त्या म्हणाल्या. "श्वास घेतेय का म्हणून विचारू नकोस. घेतेय."

मध्यंतरानंतरचं तळघर हे या सिनेमाचं मोठं मिनिट असावं, कारण त्याआधी ढोल चक्क बंद झाले. आई टाचा वाजवत खाली उतरली. कोपऱ्यात पाळणा होता, धूळ बसलेला, रिकामा. आणि श्वास सुरू झाला. पहिल्या सिनेमातलाच तो दुसरा श्वास, पण आता छतातून, भिंतींतून, खुर्च्यांखालून, एकावर एक चढवलेला, बैलाएवढा केलेला. एकदा येई, थांबे, थांबून राही, मग हुंऽ करून सुटे, आणि सुटताना नाकातून बारीक शिट्टी वाजे.

नेमका तेव्हाच फोन लुकलुकला. सासूबाईंनी मुंगीचा फोटो पाठवला होता. कुशीवर, तोंड किंचित उघडं, पांघरूण पोटापर्यंत. मी फोटोवर वाकले. फोटोतलं पांघरूण हलतंय का ते बघायला लागले. मूर्खपणा आहे, मला माहीत आहे. मी श्वास धरला, धरून ठेवला, मग हळूच सोडला. हुंऽ.

छतातून हुंऽ झालं. माझ्याबरोबर. त्याच वेळी, तेवढंच थांबून.

माझा हात थांबला.

त्या वर्षी मुंगी तीन महिन्यांची असताना मला महिनाभर सर्दी होती. नाक चोंदलेलं, झोप नाही, आणि दर दहा मिनिटांनी मी पाळण्यावर वाकून तिचा श्वास ऐकायचे. तो ऐकू यावा म्हणून माझा धरून ठेवायचे. धरवेनासा झाला की सोडायचे.

"याला सर्दी झालीय," मागून जाडा मोठ्यानं म्हणाला. "वाफ द्या रे कुणीतरी!"

सगळं थिएटर हसलं. पुढची पोरं खुर्चीवरून घसरली. एकानं नाकातून शिट्टी वाजवून दाखवली, मग दुसऱ्यानं. हसण्यानं आजीबाई जाग्या झाल्या आणि काय झालं ते न विचारता त्याही हसल्या. मी अंधारात बसून होते, कान तापले होते. शंभर-सव्वाशे माणसं माझ्या श्वासाला हसत होती आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नव्हतं. विनोदीच होता तो.

शेवट काय झाला ते सांगत नाही. भूत पाण्यात पडलं. सांगितलंच की.

घरी आले तेव्हा चार वाजले होते. मुंगी आत झोपली होती. सासूबाई खिडकीपाशी सुया घेऊन बसल्या होत्या, नवरा जेवणाच्या टेबलापाशी. करार फ्रिजवरून काढून समोर ठेवलेला, पेन त्याच्यावर आडवं. मी पिशवीतून लोकरीचा गोळा काढला आणि करारावर ठेवला.

त्यानं तो उचलून बघितला. फिरवून बघितला. "सगळा?"

"मध्यंतरालाच झाला होता. मग सोडून परत केला."

"अगदी छान गुंडाळलास गं," सासूबाई म्हणाल्या आणि गोळा घेऊन परत खिडकीपाशी बसल्या.

मग तो म्हणाला, "एकदाही थांबला नाही हात?"

"एकदा थांबला."

मान वर झाली. मला त्याची इतकी दया आली की खोटं बोलावंसं वाटलं. "कुठे?"

"तळघरात. तो श्वास कुणाचा आहे?"

"धंद्यातलं..."

"कुणाचा आहे?"

त्यानं पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. "कधी कळलं?"

"मागच्या माणसानं मला वाफ द्यायला सांगितलं तेव्हा."

त्याला हसू फुटलं आणि ते त्यानं लगेच गिळलं. मग सांगितलं. मुंगीचा श्वास घ्यायला त्यानं पाळण्याला माइक बांधून ठेवला होता, दुपारभर. मी येत होते, वाकत होते, जात होते. ऐकायला बसला तेव्हा त्याला दोन श्वास सापडले. "मी बनवून असा आवाज काढूच शकलो नसतो. किती प्रयत्न केले असते तरी. कुणीतरी आहे, आणि ते श्वास धरून ऐकतंय... तुला सांगितलं असतं तर तू परत कधी पाळण्याशी मोकळेपणानं वाकली नसतीस."

"मला विचारायचं होतंस."

"हो. विचारायचं होतं."

"आणि या भागात मुंगीचा कुठे गेला?"

"काढला. निर्माता म्हणाला दोन श्वासांनी गोंधळ होतो, भूत कुठलं ते लोकांना कळलं पाहिजे. साफ करून एकटा घेतला, चाळीस वेळा एकावर एक लावला."

"अरे, मग त्या तळघरात मी वाकलेय कुणावर?"

तो माझ्याकडे बघत राहिला. आठ महिन्यांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही स्वतःला विचारलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. या धंद्यातल्या माणसाकडूनच होईल अशी चूक. आवाज इतका स्वच्छ करायचा की त्यात घाबरण्यासारखं काही उरायचंच नाही.

फोन वाजला. भाऊजी. त्यानं टेबलावर ठेवूनच उचलला, आवाज मोठा करून.

"काय राव, बघितलंस का! दुपारचा शो भरला. लोक घाबरून हसत होते म्हणे!"

"हसत होते," नवरा म्हणाला.

"तेच ते. भीतीनं हसतात माणसं. सही झाली का? वहिनी आहेत का तिथे? वहिनी, घाबरलात की नाही?"

"नाही हो, भाऊजी."

"तुम्ही काय, तुम्ही सदा घाबरलेल्याच. तुम्हाला वेगळं काय कळणार!"

"खरंय. पहिल्या वेळी तुम्हीही आमच्या फरशीवर बसून सदा घाबरलेले असायचात."

"कशाला?"

"सिनेमा पडेल म्हणून."

"ते दिवस गेले, वहिनी," ते हसत म्हणाले.

"हो. दिसलं पडद्यावर."

तेवढ्यात नवरा म्हणाला, "मी सही करत नाहीये."

"वेडा झालास का? खोली तयार आहे तुझी! पाटी करायला टाकलीय!"

"पाटी दुसऱ्याच्या नावाची कर. मला खोलीत काही ऐकू येणार नाही."

"ध्वनिबंद आहे ती!"

"म्हणूनच."

भाऊजींनी समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं, जुन्या स्वेटरची शपथ घातली. मग एकदम गार आवाजात म्हणाले, "ठीक. दुसरा माणूस मिळेल. श्वास मात्र आमच्याकडे आहे, लक्षात ठेव. तू सही करून दिलायस तो. तिसऱ्यातही वापरणार."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, अपराध्यासारखं. तो आवाज माझा आहे हे भाऊजींना आजही माहीत नाही. सांगावंसं वाटलं एकदा. मग वाटलं, कशाला, पोस्टरवर छापतील.

"वापरा, भाऊजी," मी म्हणाले. "फक्त आधी वाफ द्या त्याला."

फोन बंद झाल्यावर सासूबाईंनी सुया न थांबवता विचारलं, "म्हणजे खोली नाही मिळायची?"

"नाही, आई."

"मग त्या गोधड्या धुवायला काढ रे. वास मारतात." आणि जरा वेळानं, "त्या कपाटाच्या बिजागरीतलं तेलही पूस."

मी आत गेले. मुंगी फोटोतल्यासारखीच होती, पांघरूण आता पायाशी. मी वाकले, श्वास धरला. आणि पहिल्यांदाच असं झालं की मला तिचा ऐकू येईना. माझाच येत होता. धरलेला असतानाही येत होता, थिएटरभर आल्यासारखा, शिट्टीसकट. मी परत धरला, परत तेच. एवढं मात्र त्यांनी माझ्याकडून नेलं होतं.

दारात नवरा उभा होता. हात रिकामे, माइक नव्हता. मी खात्री करायला बघितलंच.

"येतोय का ऐकू?" तो कुजबुजला.

"नाही. माझा मधे येतोय. तू ऐक."

तो पाळण्याच्या दुसऱ्या बाजूनं वाकला. डोळे मिटले. त्यानंही श्वास धरला. मी त्याच्या हाताकडे बघत होते. तो कठड्यावरून हळूहळू सरकत होता, आणि मग एका जागी थांबला.

"आहे," तो म्हणाला.